मधला शनिवार

'हॅप्पी गुड फ्रायडे!' हा मेसेज तुम्ही कधी ना कधी कुणाला तरी पाठवला असणारच. लाजू नका, आम्हाला सवय आहे. दरवर्षी किमान चार तरी येतात. एक ऑफिसच्या ग्रुपवर, एक जुन्या कॉलेजच्या, एखादा कुठल्या तरी दुकानाकडून, डिस्काऊंट कूपनसकट. ज्या दिवशी येशूला क्रुसावर खिळलं त्या दिवसाचं 'हॅप्पी' कसलं, हे समजावून सांगायचा उत्साह पंचविशीत असतो. नंतर माणूस 'थँक्स' लिहून मोकळा होतो. आणि खरं सांगू का, लोकांचा तरी काय दोष? नावातच 'गुड' आहे, सुट्टी शुक्रवारची आहे आणि पुढे शनिवार-रविवार जोडून आलेत. असा लाँग वीकेण्ड दिसला की आपल्या डोळ्यांपुढे अलिबाग, महाबळेश्वर नाहीतर लोणावळ्याचं ट्रॅफिक जाम येतं.

तर शुक्रवार सगळ्यांना माहीत. रविवारही माहीत. ईस्टर म्हणजे बेकरीतली मार्झिपॅनची रंगीत अंडी, नवे कपडे आणि ख्रिस्ती मित्राकडचं जेवण. पण मधला शनिवार? त्याला कॅलेंडरवर धड लाल चौकोनही मिळत नाही. त्याच्या शुभेच्छा कुणी पाठवत नाही, त्याचं कार्ड छापत नाही. त्या दिवशी करायचं असं काही नसतंच. आम्हीही वर्षानुवर्षं तो 'उद्याच्या तयारीचा दिवस' म्हणूनच काढला. मटण आणायचं, मसाला वाटायचा, शर्टांना इस्त्री करायची.

२०२५ च्या एप्रिलमधला, १९ तारखेचा शनिवार मी वसईत, माझ्या गावी काढला. पुण्यातून दरवर्षी मी येते ती रविवारी सकाळी. यंदा गुरुवारीच आले. पप्पा जाऊन चार महिने झाले होते आणि घरातला हा पहिलाच ईस्टर होता.

आधी थोडं गणित. ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो, असं विचारणाऱ्या मराठी माणसाची मला गंमत वाटते, कारण हे त्याच्याइतकं पटकन कुणालाच कळायला नको. सगळा मामला पौर्णिमेचा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो कधी होळीच्या आसपास येतो, कधी हनुमान जयंतीच्या. त्याच्याआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून तो सुरू होतो. मधले रविवार सोडून मोजायचं, म्हणजे चाळीस भरतात. ती राख कुठून येते ठाऊक आहे? गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात घेऊन मिरवलेल्या झावळ्या लोक वर्षभर घरात जपून ठेवतात. त्याच जाळून ती राख करतात. माझ्या मते अख्ख्या चर्चमधली ही सगळ्यात हुशार कल्पना आहे, पण ते असो.

या काळाच्या शेवटी तीन दिवस येतात. गुरुवारी संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या मिस्सेत एकदा घंटा वाजतात आणि मग थेट शनिवार रात्रीपर्यंत गप्प होतात. मिस्सा संपली की वेदीवरची चादर, फुलं, मेणबत्त्या, सगळं काढून घेतात. शुक्रवारी तर जगातल्या कुठल्याच कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. क्रुसाची वाट चालतात, दुपारी तीनच्या सुमारास प्रार्थना होते, रांगेत उभं राहून क्रुसाचं चुंबन घेतात. आणि शनिवारी दिवसभर काहीच नाही. साक्रामेंत द्यायचाच झाला तर फक्त मरणपंथाला लागलेल्या माणसाला.

मी सकाळी अकराला चर्चमध्ये गेले तेव्हा दार उघडं होतं. आत गारवा होता आणि वटवाघळाच्या वासासारखा जुन्या लाकडाचा एक वास होता, एरवी अगरबत्ती-फुलांत तो कळत नाही. वेदी म्हणजे नुसता दगड. ज्या छोट्या सोनेरी कपाटात पवित्र भाकर ठेवतात त्याचं दार सताड उघडं आणि आत काही नाही. त्याच्याशेजारचा लाल दिवा बाराही महिने तेवत असतो, तोही विझलेला. तुम्ही दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून घरी परतलाय आणि मखर तसंच उभं आहे, फक्त मध्ये कुणी नाही, तो क्षण आठवा. तसंच. फरक इतकाच, की इथे 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचीही सोय नाही. या गोष्टीत येशू खरोखर मेलेला आहे.

हा रिकामा दिवस मध्यंतरी काही शतकं हरवलाच होता, हे मला अलीकडे कळलं. ईस्टरचं जागरण मुळात रात्रीचं, पण सरकत सरकत ते शनिवारी सकाळवर आलं. म्हणजे लख्ख उजेडात मेणबत्ती पेटवून 'अंधारात प्रकाश आला' म्हणायचं! आमची आजी सांगायची, की ती लहान असताना शनिवारी सकाळीच ग्लोरियाच्या घंटा व्हायच्या, दुपारी उपास सुटायचा. आम्हाला वाटायचं म्हातारी दिवसांचा घोळ घालतेय. घोळ नव्हता. बाराव्या पायस पोपनी १९५१ साली जागरण पुन्हा रात्री करायची परवानगी दिली आणि १९५६ पासून ते सगळ्यांना लागू झालं. चर्चने हे केलं आणि अख्खा दिवस मोकळा करून ठेवला. मीटिंग कॅन्सल झाली पण कॅलेंडरवरचा ब्लॉक कुणी काढला नाही, असा.

वसईला जायचं म्हणजे विरार लोकल. (त्याबद्दल आणखी लिहायची गरज नाही. ज्याने केलंय त्याला माहीत आहे, ज्याने नाही केलंय त्याचा विश्वास बसणार नाही.) भाईंदर सुटलं की खाडीचा पूल लागतो. मग नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार. पूर्वेला नजर टाकली तर नुसते टॉवर. पश्चिमेला उतरून रिक्षेने दहा-पंधरा मिनिटं आत गेलात, की अचानक सावली लागते. केळीच्या वाड्या, माडांच्या रांगा, पानवेली, मोगरा आणि चाफा. रस्त्याच्या वळणावर हार घातलेला पांढरा क्रूस. एखाद्या ओट्यावर लाल लुगडं नेसलेली आजी.

इथले सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, कोळी, सगळे मराठी बोलतात, पण घरातली मराठी प्रत्येकाची वेगळी. आमची सामवेदी बाहेरच्याला डोक्यावरून जाते. म्हणजे घरात सामवेदी, चर्चमध्ये प्रमाण मराठी आणि ऑफिसात इंग्रजी, अशी आमची त्रिभाषा योजना आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात, लॅटिन जाऊन मिस्सा मराठीत आली. याच मातीतल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमी मिळाली होती. ते २०२४ च्या जुलैमध्ये गेले. पप्पा त्यांच्याबद्दल बोलायचे ते मात्र पुस्तकांमुळे नव्हे, तर हरित वसईच्या लढ्यामुळे. वाड्या, विहिरी आणि बावखलं वाचवायला हजारो लोक रस्त्यावर उतरले, त्यात पप्पाही होते. बावखल म्हणजे वसईतलं गोड्या पाण्याचं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात जिरायचं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या. त्यातली कित्येक आता भराव टाकून बुजली आहेत. वर बिल्डिंग आणि बिल्डिंगला टँकर.

दुपारी ऊन उतरायच्या आत मी किल्ल्यावर जाऊन आले. आमच्यासाठी हा किल्ला म्हणजे शाळेची सहल, त्यामुळे वीस वर्षांत फिरकले नव्हते. पोर्तुगीजांकडे वसई १५३४ मध्ये आली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत तटबंदीच्या आत एक अख्खं शहर होतं. आता चर्चच्या कमानी आहेत आणि वर आभाळ. पिंपळाच्या मुळांनी खिडक्या धरून ठेवल्यात. फ्रान्सिस्कन मंडळींच्या चर्चमध्ये जमिनीवरच्या थडग्यांच्या शिळा अजून वाचता येतात, अर्थात पोर्तुगीज येत असेल तर. तिथे एक प्री-वेडिंग शूट चालू होतं. नवरीचा झगा दोन मैत्रिणींनी उचलून धरला होता आणि फोटोग्राफर ओरडत होता, 'सर, मॅडमकडे बघा, कॅमेराकडे नाही!' कोल्डप्लेच्या 'हिम फॉर द वीकेण्ड'च्या व्हिडिओतही हा किल्ला आहे, २०१६ साली तो आला तेव्हा आम्ही वसईकर महिनाभर मिरवत होतो.

मला मात्र त्या दिवशी घंटा आठवत होत्या. वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी इथल्या चर्चमधल्या घंटा उतरवून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराची घंटा बघितली असेल, ती त्यातलीच. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया कोरलेली आहे आणि खाली लोक आनंदाने सेल्फी काढत असतात. कुणी म्हणेल लूट, कुणी म्हणेल विजयचिन्ह. मला इतकंच वाटलं, की पवित्र शनिवारी जगभरच्या कॅथलिक घंटा गप्प असताना या बंडखोर मात्र खुशाल वाजत असतात. शनिवारी भीमाशंकरला गर्दी तर असतेच.

परत आले तेव्हा आई वाडीत होती.

माझ्या बॅगेत एक एक्सेल शीट होती, हे इथे सांगायला हवं. धाकटा भाऊ टोरांटोला असतो. पप्पा गेल्यावर वाडीचं काय, हा प्रश्न आम्ही दोघं रात्री-बेरात्रीच्या कॉल्सवर चघळत होतो. एका बिल्डरचा निरोप येऊन गेला होता. आकडा असा, की भावाचं तिकडचं घरकर्ज आणि माझं पुण्यातलं, दोन्ही फिटून वर उरेल. आई एकटी, तिचे गुडघे दुखतात, मजूर मिळत नाहीत, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ व्हायला लागलंय. सगळे मुद्दे एका रकान्यात. दुसऱ्या रकान्यात फार काही नव्हतं. लाँग वीकेण्डला आईशी शांतपणे बोलायचं आणि रविवारी जेवणानंतर भावाला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं, असं ठरलं होतं.

आई कोयता घेऊन केळीच्या बुंध्याशी वाकली होती. केळीचं तुम्हाला माहीत असेलच. एका झाडाला एकदाच घड येतो. घड उतरवला की ते झाड संपलं, ते तोडायचं. पण त्याच्या बुडाशी मुनवे फुटलेले असतात. त्यातला एक जोमदार बघून राखायचा, बाकीचे काढायचे. पुढच्या वर्षीचं झाड ते. हे काम पप्पा करायचे. कुठला मुनवा राखायचा यावर त्यांची आणि आईची दरवेळी भांडणं व्हायची, तिला मोठ्ठा हवा असायचा आणि ते म्हणायचे, तलवारीसारख्या अरुंद पानाचा धर, तो बुंध्याला घट्ट असतो. चार महिने कुणी हात लावला नव्हता. एकेका बुंध्याभोवती सहा-सात मुनवे माजले होते.

मी पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली आणि तोडलेले बुंधे ओढून एका कडेला रचायला लागले. केळीचा चीक कपड्याला लागला की आयुष्यात जात नाही. तासभर आम्ही काही बोललो नाही. मग मला वाटलं, आता विषय काढावा. म्हटलं, 'आई, वाडीचं आपण जरा...'

'आज नको, बाय,' ती म्हणाली. 'आज शनिवार.'

बस्स एवढंच. रागाने नाही, रडून नाही. 'आज दुकान बंद आहे' म्हणतात तसं. आणि कोयता पुढच्या बुंध्याकडे. तिने अरुंद पानाचा मुनवा राखला, हे मी बघितलं. बोलले नाही.

संध्याकाळी आम्ही चर्चच्या मागे दफनभूमीत गेलो. तिच्या हातात मोगऱ्याचा गजरा आणि बिसलेरीच्या बाटलीत विहिरीचं पाणी. पप्पांच्या कबरीवर अजून फरशी बसवलेली नाही, माती खाली बसायला एक पावसाळा जावा लागतो म्हणतात. तिने हाताने पालापाचोळा झाडला, पाणी शिंपडलं. शेजारच्या तीन-चार कबरींपाशीही बायका होत्या. कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. पुरुष दिसले नाहीत. ते बहुधा रात्रीच्या शेकोटीची लाकडं रचत होते.

घरी येऊन मी पप्पांचं बायबल काढलं. शनिवारबद्दल त्यात काय आहे ते बघायचं होतं. आहे फारच थोडं. मार्क आणि योहान जवळजवळ गप्प. लूक एक वाक्य देतो, की बायकांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ असल्यामुळे त्या स्वस्थ राहिल्या. त्या दिवशी धावपळ करताना दिसतात ते मत्तयच्या शुभवर्तमानातले पुढारी. ते राज्यपाल पिलाताकडे जातात, कबरीवर पहारा मागतात, धोंड्यावर शिक्का मारून घेतात. थोडक्यात, त्या अख्ख्या शनिवारी कामात होती ती फक्त कागदपत्रं पूर्ण करणारी माणसं. मी बॅग पलंगाखाली सरकवली.

पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत या दिवसाचं एक चित्र असतं. इस्तंबूलच्या कोरा चर्चमध्ये, जिथे आता कारिये मशीद आहे, चौदाव्या शतकातलं त्याचं फार देखणं भित्तिचित्र आहे. मी ते फक्त पुस्तकात पाहिलंय. त्यात येशू मृतांच्या लोकात उतरलाय, पायाखाली मोडलेली दारं आणि विखुरलेली कुलुपं. दोन हातांनी तो आदाम आणि एवाला शवपेटीतून वर ओढतोय. गंमत अशी, की त्याने त्यांचे हात हातात घेतलेले नाहीत. मनगटं धरलीत. बुडणाऱ्याला धरतात तशी. धरायची ताकद वर ओढणाऱ्याकडे, खालच्याने काही करायचं नाही. आपल्याकडे हल्ली 'स्पिरिच्युअल रिन्यूअल'ची पॅकेजेस मिळतात, तीन रात्री, चार दिवस, योगा आणि ग्रीन ज्यूस इन्क्लुडेड. मी एकदा केलंय, छान होतं, रूम तर फारच छान. पण तिथे सगळं मलाच करायचं होतं. श्वास मी घ्यायचा, विचार मी सोडायचे, सकाळी सहाला मी उठायचं. शनिवारी कुणी माझ्याकडून काहीच मागितलं नाही, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मला दुपारी झोप लागली.

रात्री दहाला आम्ही चर्चच्या पटांगणात उभे होतो. सगळे दिवे घालवलेले. शेजारच्या सोसायटीतला एक ट्यूबलाइट तेवढा आगाऊपणा करत होता. दीड-दोन हजार माणसं आणि अंधार, हे कॉम्बिनेशन मुंबईच्या आसपास एरवी भीतीदायक असतं. लहान पोरं कुजबुजत होती, कुणीतरी 'शूऽऽ' केलं. मग लाकडं पेटली. फादरनी त्या विस्तवाशी मोठी मेणबत्ती आणली. तिच्यावर क्रूस कोरायचा, वर-खाली ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, चार कोपऱ्यांत चालू सालाचे चार आकडे. दोन, शून्य, दोन, पाच. मग धुपाचे पाच खडे खोचायचे, पाच जखमांचे. पप्पा गेले ते साल दोन हजार चोवीस. हे आकडे बघेपर्यंत मला ते 'गेल्या वर्षी' आहे असं जाणवलंच नव्हतं.

मेणबत्ती पुढे, माणसं मागे. काळोख्या चर्चमध्ये ती शिरते. तीनदा थांबते आणि दर वेळी फादर प्रकाश आल्याची घोषणा सुरात करतात. तिच्यावरून पहिली मेणबत्ती पेटते, तिच्यावरून दुसरी, आणि मग वाऱ्याच्या झुळकीसारखा उजेड बाकांवरून मागे सरकत जातो. दर वर्षी कुणाचे तरी केस होरपळतात, यंदाही होरपळले. आईने तिची मेणबत्ती माझ्या मेणबत्तीला लावली. पुठ्ठ्याच्या चकतीवर मेण ठिबकत होतं.

मग वाचनं, भरपूर. जगाची निर्मिती, अब्राहाम, तांबडा समुद्र दुभंगणं. जुन्या करारातली सात असतात, फादर दयाळू असले तर कमी करतात, पण तांबडा समुद्र सोडायचा नाही हा नियम. ती संपली आणि ग्लोरिया सुरू झाला. गुरुवारपासून मुक्या असलेल्या सगळ्या घंटा एकदम सुटल्या, वरची मोठी, वेदीजवळच्या लहान, पोरांच्या हातातल्या त्याहून लहान, आणि सगळे दिवे फटकन लागले. इथे रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. आई रडत नव्हती. ती डोळे बारीक करून नव्या एलईडीकडे बघत होती. 'फार पांढरे लावलेत,' म्हणाली.

शुभवर्तमान यंदा लूकचं होतं. पहाटे बायका सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीशी जातात, धोंडा सरकलेला, आत देह नाही. त्या धावत येऊन प्रेषितांना सांगतात, आणि प्रेषितांना ती निव्वळ बडबड वाटते. विश्वास ठेवत नाहीत! ईस्टरची पहिली बातमी अशी, बायकांनी आणलेली आणि पुरुषांनी उडवून लावलेली. आईने मला कोपराने हलकेच ढोसलं. तिचं आणि पप्पांचं हे जुनं भांडण होतं, या वाक्याला ती त्यांना असंच ढोसायची. यंदा त्या बाजूला मी होते.

त्यानंतर सगळ्यांनी आपल्या स्नानसंस्काराची वचनं पुन्हा द्यायची असतात. लहानपणी आपल्या वतीने आईबापांनी जी दिली ती. प्रश्न विचारतात, आपण मोठ्याने हो म्हणायचं. वाईटाला सोडतोस का, देवावर श्रद्धा ठेवतेस का, मृतांच्या पुनरुत्थानावर ठेवतेस का. पहिल्या सगळ्यांना मी उत्तर दिलं. शेवटच्याला माझा आवाज फुटला नाही. आजूबाजूच्या दोन हजारांचा फुटला, आणि त्यात आईचाही होता. तेवढ्यावर माझं भागलं. मग फादर बाकांमधून पाणी शिंपडत गेले, माझ्या चष्म्यावर दोन थेंब पडले.

रविवारी जेवणानंतर भावाचा कॉल आला. आईने त्याला इंद्यालाचं पातेलं दाखवलं, राखलेले मुनवे दाखवले, फोन वाडीभर फिरवला. वाडीविषयी त्याने विचारलं नाही, मीही बोलले नाही. ती शीट अजून तशीच आहे. सोमवारी दुपारी पुण्याच्या बसमध्ये बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. आदल्याच दिवशी ईस्टरला त्यांनी सेंट पीटर्सच्या सज्जातून आशीर्वाद दिला होता, चौकात गाडीतून फेरी मारली होती. आईला फोन केला तर तिला आधीच कळलं होतं. म्हणाली, 'रविवार बघून गेले हो.'

तुम्हाला यायचं असेल तर या, कुणी अडवत नाही. २०२७ मध्ये हा शनिवार २७ मार्चला येतोय. सकाळी निर्मळला जा, एकाच गावात शंकराचार्यांची समाधी आणि होली क्रॉस चर्च दोन्ही बघून होतील. दुपार किल्ल्यावर काढा, पाणी सोबत ठेवा, आत सावली असली तरी दुकानं नाहीत. बाजारात सुकेळी मिळाली तर घ्याच. ही वाळवलेली राजेळी केळी, आमचा ओरिजिनल एनर्जी बार. रात्रीच्या जागरणाला कुठल्याही चर्चमध्ये मागच्या बाकावर बसा, मेणबत्ती दारातच मिळते. फ्लॅश मारू नका. साक्रामेंतच्या रांगेत उभं राहायचं नाही, बाकी सगळ्यात सामील व्हायला हरकत नाही. जागरण संपेपर्यंत मध्यरात्र उलटते आणि शेवटची लोकल काही कुणासाठी थांबत नाही, तेव्हा राहायचं आधी ठरवून ठेवा. ओळखीचा वसईकर असेल तर त्यालाच गाठा. फक्त शनिवारी दिवसा त्याच्याशी कामाचं बोलू नका.